नाशकात नवे बिऱ्हाड मांडताना वापरलेल्या वस्तू आणि कपडे घ्यावेत का?

प्रश्न: नवी नाशिककर (पाथर्डी फाटा)

नमस्कार. आम्ही नुकतेच धुळ्याहून नाशकात राहायला आलो आहोत. माझे पती अंबडच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात लागले आहेत, मला इंदिरानगरच्या बाजूला एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे आणि आमची मुलगी यंदा तिसरीत आहे. घराची अनामत रक्कम आणि शाळेचे शुल्क भरल्यानंतर हातात जे पैसे उरले आहेत, त्यांत संपूर्ण घर नव्या वस्तूंनी भरणे शक्य नाही आणि हप्त्यांवर वस्तू घेण्याची आमची इच्छा नाही. त्यामुळे कपाट, टेबल, स्वयंपाकघरातील मोठी भांडी, शिलाई मशीन अशा वस्तू वापरलेल्या घ्याव्यात, असा आमचा विचार आहे. मला रोज शाळेत नेसण्यासाठी सुती साड्या लागतील आणि मुलीचे कपडे दर वर्षी लहान होतात. तेव्हा कपड्यांबाबतही हाच मार्ग धरता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

अडचणी दोन आहेत. सासूबाईंना दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे घरात आणणे पसंत नाही, आणि त्यांचे मन दुखावून मला काहीही करायचे नाही. दुसरी गोष्ट अशी की, माझ्या पतींना जुनी वस्तू चोरीची तर नसेल ना, अशी धास्ती वाटते. केवळ स्वस्त मिळते म्हणून नव्हे, तर चांगली वस्तू कमी पैशांत मिळते म्हणून खरेदी करायची आहे. अनुभवी नाशिककरांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: जुन्या नाशकातली (भद्रकाली)

ताई, नाशकात आपले स्वागत. आमच्या घरातील पुष्कळसे सामान कोणाच्या ना कोणाच्या घरातून आलेले आहे आणि त्यातील प्रत्येक वस्तूबद्दल मला जिव्हाळा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वापरलेली वस्तू घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की, तिची किंमत उतरली ती कशामुळे? काही वस्तूंची फक्त नवलाई गेलेली असते, जीव गेलेला नसतो. पितळेची आणि तांब्याची भांडी हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. नव्या पितळी भांड्याच्या किमतीत धातूचा भाव आणि घडणावळ असे दोन भाग असतात. भांडे एकदा दुकानाबाहेर पडले की घडणावळ संपली, कारण मोडीत घालायला नेल्यावर दुकानदार फक्त धातूचे वजन धरतो आणि त्यातूनही घट कापतो. त्यामुळे एखादे घर आवरताना निघालेले जाड पत्र्याचे पातेले आपण मोडीच्या दरापेक्षा थोडे अधिक देऊन घेतले, तर विकणाऱ्याला मोडीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात आणि आपल्याला कारागिराची मेहनत जवळजवळ फुकट मिळते. पुढे कधी ते विकण्याची वेळ आली, तरी धातूचा भाव कुठे जात नाही. नव्या नॉनस्टिक कढईच्या बाबतीत असे कधीच होत नाही.

नाशिक हे पूर्वीपासून तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव आहे. गोदाघाटाला लागून असलेला भांडी बाजार आणि तांबट आळी या भागांतून आपण एकदा निवांत चालून यावे. खरेदी केली नाही तरी चालेल, पण नव्या भांड्याचा किलोचा भाव आणि मोडीचा भाव दोन्ही विचारून ठेवावेत. मग कोणाच्या घरून भांडे घेताना किंमत योग्य आहे की नाही, हे आपले आपल्यालाच कळेल. भांडे हातात घेतल्यावर त्याचा तळ आणि काठ पाहावेत. कुठे डाख दिलेला असेल तर त्यात पाणी भरून ते तासभर कोरड्या फरशीवर ठेवावे, म्हणजे पाझरते का ते समजते. काळे पडलेले भांडे पाहून मागे फिरू नये. चिंच आणि मीठ लावून घासल्यावर तेच भांडे असे उजळते की, ते पाहण्याचा आनंद नवे भांडे घेऊन मिळत नाही.

मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. आतून कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आमटी, कढी, सार असे आंबट पदार्थ करू नयेत आणि ठेवूही नयेत, कारण आंबटाने धातू पदार्थात उतरतो. भांडे घेतल्यावर प्रथम कल्हई करून घ्यावी. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. ते कथील शुद्ध असावे, त्यात शिसे मिसळलेले नसावे, म्हणून कल्हई ओळखीच्या कारागिराकडूनच करावी. त्याचा खर्च भांड्याच्या किमतीतच धरून चालावे.

आता लाकडाविषयी. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरवले जात आहेत आणि त्यांतून दारे, खांब, फडताळे, पाट, चौरंग असे पुष्कळ लाकूड बाहेर पडते. यातील सागवान अनेक वर्षे मुरलेले असते, त्यामुळे ते नव्या लाकडासारखे वाकत किंवा तडकत नाही. अशा लाकडाचे टेबल किंवा मांडणी मिळाली आणि सुताराकडून रंधा मारून तेलपॉलिश करून घेतली, तर भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या नव्या फर्निचरच्या किमतीत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू घरात येते. पाय उलटे करून खालची बाजू पाहावी. बारीक छिद्रे आणि त्यांतून पडणारे पीठ दिसले, तर भुंगा अजून आत जिवंत आहे असे समजावे. नुसती छिद्रे असतील, पण पीठ नसेल, तर ती जुनी असू शकतात. दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर वस्तू सोडून द्यावी.

आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गोदावरीला पूर आला की पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत शिरते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये ते शिरले होते. पुरात भिजलेले प्लायवुडचे कपाट वरून रंगवले की चांगले दिसते, पण खालच्या वीतभर भागात थर सुटलेले असतात. बोटाच्या पेराने वर आणि खाली ठोकून पाहिल्यास आवाजातील फरक लगेच कळतो. लोखंडी कपाट असेल तर खालचा कप्पा बाहेर काढून तळाचा गंज पाहावा आणि किल्ली दोन्ही बाजूंनी फिरवून घ्यावी. सागवान एकदा भिजून नीट वाळले असेल तर त्याची फारशी चिंता नसते.

प्रतिसाद: सुईदोरा (सिडको)

मी अनेक वर्षे शिवणकाम आणि कपडे दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे कपड्यांपुरते लिहिते.

वापरलेल्या कपड्यात कापडाची परीक्षा आधीच झालेली असते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. नवा कुर्ता दुकानात कडक आणि झळझळीत दिसतो, कारण त्याला खळ असते. तो आटेल का, रंग सोडेल का, शिवण तिरकी होईल का, हे पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतरच समजते. वापरलेला कपडा या सगळ्यांतून गेलेला असतो. जो आटायचा होता तो आटला आहे, ज्याचा रंग जायचा होता त्याचा गेला आहे, आणि त्यानंतरही जो चांगला दिसतो तो पुढेही बरीच वर्षे चांगला राहतो. सुती साडीच्या बाबतीत तर ती धुऊन धुऊन मऊ झाल्यावरच खरी अंगाला लागते, हे आपल्याला सांगायला नको.

कपडा निवडताना तो उजेडासमोर धरावा. पाठीवर, बसण्याच्या जागी, गुडघ्यांवर आणि साडीच्या निऱ्यांच्या घड्यांवर कापड विरले असेल तर त्यातून उजेड जास्त दिसतो. विरलेल्या कापडाला रफू करण्यात अर्थ नसतो, कारण रफूच्या शेजारीच ते पुन्हा फाटते. याउलट उसवलेली शिवण, तुटलेली बटणे, गेलेली चेन, सुटलेला फॉल या गोष्टी अगदी किरकोळ आहेत, आणि याच कारणांनी उत्तम कपडे स्वस्तात निघतात. बगलेचा भाग आतून पाहावा. तिथे घामाने रंग उडाला असेल किंवा कापड कडक झाले असेल, तर तो डाग जात नाही.

यानंतर कपडा उलटा करून शिवणीत किती माया सोडली आहे ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजमध्ये आणि कुर्त्यात दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया असते, म्हणजे तो कपडा सहज सैल करता येतो. हल्लीच्या तयार कपड्यांत पैसे वाचवण्यासाठी माया जेमतेम ठेवतात आणि कडेला ओव्हरलॉक मारतात. असा कपडा घट्ट करता येतो, पण सैल करता येत नाही. म्हणून तयार कपडा घेताना एक माप मोठाच घ्यावा. मुलीच्या फ्रॉकला आणि परकराला खाली दुमड किती आहे ते पाहून घ्यावे. ती रुंद असेल तर कपडा आणखी एक वर्ष चालतो. मुलांचे कपडे फाटण्याआधी लहान होतात, त्यामुळे लहान मुलांच्या कपड्यांइतकी चांगल्या स्थितीतील वापरलेली वस्तू दुसरी नसेल. स्नेहसंमेलनासाठी किंवा लग्नासाठी घेतलेला घागरा अनेकदा एकदाच अंगावर चढलेला असतो.

घरी आणल्यावर सुती कपडे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. यानंतर ढेकणांची किंवा त्यांच्या अंड्यांची भीती राहत नाही. रेशीम आणि लोकर यांना गरम पाणी चालत नाही. नाशकातील थंडी आपण अजून पाहिलेली नाही. शेजारच्या निफाडात तर महाराष्ट्रातील सर्वांत कमी तापमानांची नोंद होते, तेव्हा स्वेटर नक्की लागतील. वापरलेला लोकरीचा स्वेटर फार चांगला मिळतो, मात्र त्याला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागलेली नसावी. शंका असल्यास तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावा, बाहेर काढून झटकावा आणि मग सौम्य साबणाने धुवावा. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण लागलेली कसर त्याने जात नाही.

पैशांव्यतिरिक्त आणखी एक बचत यात आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. कापसाच्या शेतापासून शिलाईपर्यंतचा हिशेब केला, तर एका सुती टीशर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज जागतिक पातळीवर मांडला जातो. आपण ज्या प्रदेशातून आला आहात तिथे कापूस पिकतो आणि पाण्याची किंमतही सर्वांना ठाऊक आहे. एक शर्ट दोन घरांत वापरला गेला, तर तेवढे पाणी दुसऱ्यांदा खर्च होत नाही.

नवी नाशिककर (पाथर्डी फाटा)

भद्रकालीच्या ताई आणि सुईदोरा ताई, आपले मनापासून आभार. माझ्या पतींनी हे सगळे वाचले आणि आता त्यांचेही प्रश्न आहेत. फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, मोबाइल आणि शाळेत जाण्यासाठी एक स्कूटर, या वस्तू वापरलेल्या घ्याव्यात का? तसेच ओळखीच्या एका बाईंकडे जुनी येवल्याची पैठणी विकायची आहे, ती कशी पारखावी?

प्रतिसाद: पाना-पकड (सातपूर)

सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरगुती यंत्रांची दुरुस्ती करतो. आपल्या पतींचे प्रश्न रास्त आहेत, कारण विजेवर चालणाऱ्या वस्तूंना भांड्यांचा आणि लाकडाचा नियम लागू होत नाही. यांना आयुष्य असते आणि त्यातील किती संपले आहे, हे वरून दिसत नाही.

फ्रीज घेताना खरेदीच्या किमतीपेक्षा विजेचा हिशेब आधी करावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवर तारे असतात, तसेच वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा आणि लेबलचे वर्षही छापलेले असते. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. म्हणून तारे न मोजता युनिट पाहावेत. समजा, जुन्या फ्रीजला वर्षाला ४०० युनिट आणि नव्याला २०० युनिट लागतात आणि एक युनिट ८ रुपयांना पडते, तर वर्षाला १,६०० रुपयांचा फरक आला. असा फ्रीज ६,००० रुपये स्वस्त मिळाला, तर पावणेचार वर्षांत ती बचत विजेच्या बिलात निघून जाते, आणि त्याआधी कॉम्प्रेसर गेला तर सगळाच तोटा होतो. माझ्या मते चार-पाच वर्षांच्या आतला, मूळ बिल असलेला आणि शक्यतो एकाच घरात वापरलेला फ्रीज घ्यावा. पाहायला जाण्यापूर्वी तो किमान तीन-चार तास चालू ठेवायला सांगावे. बर्फाचा कप्पा नीट गोठला आहे का, कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो का की अखंड चालत राहतो, आणि दाराचे रबर कागदाची पट्टी धरून ठेवते का, एवढे पाहिले तरी बरेच समजते.

कपडे धुण्याच्या यंत्राला विजेचा एवढा भार नसतो, त्यामुळे ते वापरलेले घ्यायला हरकत नाही. ड्रम हाताने हलवून पाहावा. तो खडखडला किंवा एका बाजूला झुकला, तर बेअरिंग गेले आहे असे समजावे. रिकामे यंत्र जोरात फिरवून आवाज ऐकावा. शिलाई मशीनबद्दल आपण पहिल्या प्रश्नात विचारले होते. ते मात्र डोळे झाकून जुनेच घ्यावे, असे मी म्हणेन. बिडाच्या जुन्या मशीनचे सुटे भाग सहज मिळतात, आणि तेलपाणी करून दोऱ्याचा ताण बसवून दिला की ते नव्या हलक्या मशीनपेक्षा सरळ टाका घालते.

स्कूटरच्या बाबतीत गाडीपेक्षा कागद आधी पाहावेत. नोंदणी पुस्तिकेतील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः पडताळून पाहावेत. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचे नाव नोंदीतून उतरवल्याशिवाय, म्हणजे फॉर्म ३५ ची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय व्यवहार करू नये. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडी एमएच १५ ऐवजी एमएच ४१, म्हणजे मालेगावची किंवा आणखी कुठली असेल, तर तेथील कार्यालयाचा फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखलाही पाहावा. थकलेली चलने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, आणि विम्यावरील नावही १४ दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो. ‘नंतर नावावर करू’ हे वाक्य ऐकू आले की व्यवहार थांबवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते; त्यामुळे वेळेवर नावबदल करणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते, तेव्हा बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना पुढचा नूतनीकरणाचा खर्च लक्षात घ्यावा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

चोरीच्या वस्तूची धास्ती मोबाइलच्या बाबतीत सर्वांत खरी आहे. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळवावा आणि केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवर तपासून घ्यावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मधे मोकळी जागा आणि पुढे तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवल्यासही फोन रोखलेला आहे की नाही ते कळते. इतर वस्तूंबाबत विकणाऱ्याचे घर पाहावे, बिल मागावे, आणि बिल नसेल तर साध्या कागदावर वस्तूचे वर्णन, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला जागा असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे, म्हणून बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत हीच पहिली धोक्याची सूचना मानावी.

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरून वस्तू पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पैसे स्वीकारण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. आपण लष्करात असून अचानक बदली झाली आहे, सामान स्वस्तात द्यायचे आहे, अशी बतावणी करून आगाऊ रक्कम मागणारे ठग सर्वत्र आहेत. आपल्याकडे देवळाली कॅम्प असल्यामुळे ही गोष्ट लोकांना चटकन खरी वाटते. बदलीवर जाणारी खरी कुटुंबेही असतात आणि त्यांचे सामान फार नीट ठेवलेले असते, पण ती आपल्याला घरी बोलावून वस्तू दाखवतात. वस्तू पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हेल्मेट मात्र कधीही वापरलेले घेऊ नये. आतील थर्माकोलसारखा थर एकदा आपटला की दबून जातो आणि वरून काहीही दिसत नाही. प्रेशर कुकर घेतल्यास रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवे बसवूनच वापरावा. वापरलेली गादीही टाळावी, कारण कापूस पिंजून घेता येतो, पण फोमच्या आत काय आहे ते स्वच्छ करता येत नाही.

प्रतिसाद: वाचक (गंगापूर रोड)

आपल्या सासूबाईंच्या भावनेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्यांचा संकोच समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे अनेक घरांत गेलेल्या माणसाचे कपडे किंवा अंथरूण वापरणे टाळतात आणि अनोळखी घरातून कपडा आला की तो कोणाचा होता, हा विचार वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम येतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा कपडे ज्यांच्याकडून घ्यायचे ते घर त्यांना माहीत असावे, एवढी काळजी घेतली तर बराचसा संकोच दूर होतो. शाळेतील सहकारी शिक्षिका, सोसायटीतील कुटुंबे, मुलीच्या वर्गातील पालक यांच्यात कपड्यांची देवघेव सुरू केली, तर त्यात परकेपणा राहत नाही.

शिवाय ही रीत आपल्या घरांना नवी नाही. बाळ जन्मल्यावर त्याला पहिले कपडे जुने, धुऊन मऊ झालेले घालायचे आणि बारशापर्यंत नवे कोरे अंगाला लावायचे नाही, ही पद्धत सासूबाईंनी नक्कीच पाळलेली असेल. थोरल्याचे झबले धाकट्याला आणि मावसभावाचा सदरा आत्तेभावाला जातच असे. जुन्या साड्यांची गोधडी होत असे, आणि उरलेले कपडे बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचे पातेले घेतले जाई. त्या पातेल्यासाठी होणारी घासाघीस त्यांना आठवत असेल. कपड्याला एकाच माणसापुरते आयुष्य असते, असे आपल्या आजीने कधी मानले नव्हते.

सुरुवात मात्र कपड्यांपासून करू नये, असे मला वाटते. आधी पितळेचे पातेले आणि सागवानी चौरंग आणावा. अग्नीने आणि पाण्याने धातू शुद्ध होतो, ही श्रद्धा त्यांचीही असेलच. कल्हई करून आणलेल्या पातेल्यात त्यांनी स्वतः भात केला की पुढचा मार्ग आपोआप सोपा होईल.

मुलीसाठी वापरलेली गोष्टींची पुस्तकेही अवश्य घ्यावीत, कारण त्यांत खराब होण्यासारखे काही नसते. पाठ्यपुस्तके घेताना मात्र आवृत्तीचे वर्ष पाहावे, कारण बालभारतीचा अभ्यासक्रम बदलला की जुने पुस्तक उपयोगाचे राहत नाही. आणि आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. पुस्तक विकत न घेताही घरात आणता येते, हे तिला लवकर समजलेले बरे. एकाच पुस्तकावर कितीतरी हात फिरून गेलेले असतात आणि त्याचे कोणालाही वावगे वाटत नाही, हे सासूबाईंनाही दाखवता येईल.

प्रतिसाद: सुईदोरा (सिडको)

पैठणीचे उत्तर राहिले होते. येवला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे नाशकातील घरांतून खऱ्या पैठण्या अजून निघतात, आणि त्या जरीच्या भावाने वितळवायला जाण्यापेक्षा कोणीतरी नेसावी म्हणून घेतली, तर त्याइतकी चांगली खरेदी नाही. दारावर ‘जुन्या जरीच्या साड्या’ म्हणत येणारे फक्त चांदीचा विचार करतात; विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून घातलेल्या मोरांचे आणि कोयऱ्यांचे मोल त्यात धरले जात नाही. म्हणून त्या बाईंना आपण त्याहून अधिक किंमत दिली, तरी ती साडी आपल्याला नव्या हातमागाच्या पैठणीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत पडेल.

पारखताना पदर उलटा करावा. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूलाही जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरवून गुंफलेला असतो. उलट्या बाजूला धाग्यांचे लोंबते पुंजके किंवा कापलेली टोके दिसली, तर ती यंत्रमागाची समजावी. चांदीची जर काळवंडलेली असेल तर ते वाईट लक्षण नाही. खरी चांदी हवेने काळवंडतेच. यानंतर साडी पूर्ण उलगडून घड्यांच्या रेषा उजेडासमोर पाहाव्यात. रेशीम तिथेच प्रथम चिरते, आणि अंगभर चिरलेली साडी नेसता येत नाही. फक्त अंग चिरलेले असून काठ आणि पदर शाबूत असतील, तर किंमत अगदी कमी करून मागावी आणि ते काठ-पदर नव्या रेशमावर लावून घ्यावेत. हे काम करणारे कारागीर येवल्यात मिळतात आणि मीही पूर्वी काही साड्यांना असे काठ लावले आहेत. साडी धड असेल तर तिला इस्त्रीच्या घड्या घालू नयेत. मऊ सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदलावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्या बाईंची पैठणी घेण्यापूर्वी सिडकोत घेऊन आलात, तर मी आनंदाने पाहून देईन.